बिडाचा संसार

जुना गार्डन ट्रॅक्टर एकच बाळगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पहिला कामासाठी असतो. दुसरा पहिल्याच्या सुट्या भागांसाठी आणलेला असतो. पण घरी आणून धुतल्यावर तोच पहिल्यापेक्षा बरा निघतो, मग पहिला सुट्या भागांसाठी होतो. तिसरा स्वस्तात मिळाला म्हणून येतो. चौथा कुठून आला हे बायकोला सांगायचं नसतं. आमच्या शेजारच्या गृहस्थांकडे असे चार आहेत. घरात आम्ही त्यांना ‘शेजोबा’ म्हणतो, शेजारी आणि आजोबा दोन्ही एका शब्दात उरकतात. पाचवा ताडपत्रीखाली आहे. ताडपत्रीखालचा मोजायचा नाही, असा या लोकांचा अलिखित नियम आहे.

त्यांचं गवत सगळं मिळून जेमतेम पाऊण एकर.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, अख्खा रस्ता अडवत, स्पीकरवर गाणी लावून कारखान्याकडे निघालेला. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे तसा नव्हे. तो कमरेएवढा. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणी श्रीमंत बापाने पोराला खेळणं आणून दिलंय. जवळ जाऊन एका टोकाने उचलायला बघावं, म्हणजे खेळण्याचा भ्रम कमरेसकट मोडतो. सगळा जाड पत्रा आणि बीड. नांगर लावला तर नांगरतो, ब्लेड लावलं तर बर्फ लोटतो, पोटाखाली पाती लावली तर गवत कापतो. हल्ली दुकानात मिळतात ते पातळ पत्र्याचे लॉन ट्रॅक्टर दिसायला याचेच भाऊबंद, पण त्यांना नांगर दाखवला तरी ताप येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या कडेला घरांच्या वसाहती पसरल्या. शेतात वाढलेले पुरुष कारखान्यात किंवा कचेरीत नोकरीला लागले, एकर-अर्ध्या एकराच्या तुकड्यावर घर बांधून राहू लागले. शेत गेलं, पण हाताची खाज गेली नाही. या खाजेवर कंपन्यांनी जे औषध काढलं ते गार्डन ट्रॅक्टर. नोकरदाराने शनिवारी दुपारी दोन तास शेतकरी व्हायचं आणि सोमवारी परत टाय लावायचा. गवत ठरावीक उंचीवर गेलं की नोटीस पाठवणाऱ्या नगरपालिका इथे पुष्कळ आहेत. त्यामुळे या छंदाला कायद्याचाही भक्कम आधार आहे.

आम्ही राहतो विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या उत्तरेला. ज्याला या यंत्रांचं वेड आहे त्याला हा प्रदेश म्हणजे पंढरपूर. मिलवॉकीत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची इंजिनं. किनाऱ्याने थोडं वर गेलं की पोर्ट वॉशिंग्टन, म्हणजे सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स या दोन्ही ट्रॅक्टर कंपन्यांचं जुनं गाव. पश्चिमेला हॉरिकॉनला जॉन डिअरचा कारखाना, तिथून १९६३ साली ११० हा त्यांचा पहिला बागेचा ट्रॅक्टर बाहेर पडला. आणि शेबॉयगनच्या बाजूला कोहलर. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे नाव नळावर आणि बेसिनवर वाचायची सवय आहे. माझ्या बहिणीला मी सांगितलं की शेजोबांच्या ट्रॅक्टरला कोहलरचं इंजिन आहे, तर तिने विचारलं, गळतं का? खरं सांगायचं तर गळतं. पण ते वॉशरचं नाही, तेलाच्या सीलचं गळणं.

या कोहलरची कुळकथा मला फार आवडते. मूळ धंदा शेतीच्या लोखंडी सामानाचा. १८८३ मध्ये जॉन मायकेल कोहलर यांनी जनावरांसाठीच्या बिडाच्या डोणीला आतून एनॅमलचा मुलामा दिला, खाली चार पाय लावले आणि माणसांच्या आंघोळीचा टब म्हणून विकायला काढली. ही डोण पुढे कामाला येणार आहे, ध्यानात ठेवा.

इंजिनाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या सगळ्या संसाराचा कर्ता तोच. कोहलरची ‘के’ मालिका, बहुतेक एकच सिलिंडर, सगळा ब्लॉक बिडाचा. १९६१ च्या पहिल्या कब कॅडेटला (शेजोबांचा ट्रॅक्टर याच जातीचा) के-१६१ होतं, २६६ सीसी आणि सात अश्वशक्ती. आपली स्प्लेंडर सत्त्याण्णव सीसीत साधारण तेवढीच ताकद काढते. मग हा बिडाचा ठोकळा बसवून मिळालं काय? मिळालं ते असं: स्प्लेंडरला तेवढ्यासाठी मिनिटाला आठ हजार फेऱ्या माराव्या लागतात, हे ३६०० वरच थांबतं. गव्हर्नर त्याला पुढे जाऊच देत नाही. जे इंजिन पळत नाही ते झिजत नाही. साठ वर्षांनी हेड उघडावं, सिलिंडर जरा ओव्हरसाइझ करावा, नवं पिस्टन-रिंग घालावं, की स्वारी पुन्हा तयार. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं बाहेर, हाताला लागेल असं. सुरू करण्याची मोटर आणि बॅटरी चार्ज करण्याचा डायनॅमो एकच, पट्ट्याने फिरणारा. ढकलतोही तोच, कमावतोही तोच.

असं यंत्र हाती आलं की माणसाला सुधारणा सुचू लागतात. शेजोबांच्या सुधारणांचा इतिहास मी गॅरेजच्या दारातून पाहत आलो आहे. सुरुवात एका भल्या विचाराने झाली: पुढे खोऱ्यासारखा लोडर असावा, म्हणजे माती-बर्फ उचलता येईल. चौकोनी पाइप आणून त्यांनी तो स्वतःच वेल्डिंग करून बनवला. छान झाला. मातीने भरला, उचलला, आणि पुढचा ॲक्सल धनुष्यासारखा वाकला. मग ॲक्सल जाड केला. जाड ॲक्सलवर भरलेला लोडर आल्यावर स्टेअरिंग वळेना, वळवायला शेजोबा उभे राहू लागले. म्हणून पॉवर स्टेअरिंग. त्याला हायड्रॉलिक पंप आणि तेलाची टाकी. पंपाने इंजिनाची ताकद खाल्ली, म्हणून सात अश्वशक्तीच्या जागी सोळाचं के-३४१ शोधून आणलं. ते लांबीला जास्त, म्हणून बॉनेट कापलं. एवढं सगळं पुढे झाल्यावर मागची चाकं उचलली जाऊ लागली. म्हणून मागे वजन. वजनासाठी काँक्रीट ओतून चकत्या केल्या, त्याने भागलं नाही, तेव्हा टायरात पातळ पदार्थ भरला.

शेवटी जे यंत्र उभं राहिलं ते माती उत्तम उचलतं. फक्त पूर्वी ते मागच्या अंगणात जाणाऱ्या लाकडी फाटकातून आत जायचं, ते आता जात नाही. शेजोबांचं मत असं की फाटकातही सुधारणेला वाव आहे.

याच सुमारास आमचे मामा उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले. मामांचं आयुष्य कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं. पहिले काही दिवस ते खिडकीत बसून रस्त्यावरून माणूस जातो का पाहत होते. अमेरिकेतल्या वसाहतीत माणूस जात नाही, त्याची गाडी जाते. एका सकाळी पलीकडून ग्राइंडरचा आवाज आला, आणि मामा चपला घालून निघालेच. मी मागे धावलो. जाऊन पाहतो तर मामा इंजिनावर बोटाच्या पेराने टकटक करत होते.

“बीड हाय,” ते मला म्हणाले. “अस्सल. सांग त्यास्नी.”

मी सांगितलं. शेजोबांनी मान डोलावली आणि पाना मागितला, सात-सोळांशचा. मी मामांना भाषांतर करून दिलं: इंचाचे सोळा भाग करायचे, त्यातले सात.

“आरं, साडेतीन सूत म्हण की सरळ!” मामा वैतागले. “एवढं शिकून काय केलंस?”

जुन्या सुतार-गवंड्यांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी विसरलोच होतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. अमेरिकेचा ट्रॅक्टर कोल्हापूरच्या मापात बिनचूक बसत होता. मामांनी कोल्हापुराहून स्वतःचे पाने आणले होते, ते मात्र मिलिमीटरचे. त्यातला एकोणीस नंबरचा पाऊण इंची नटाला बेतून केल्यासारखा बसला, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पण साडेतीन सुताला अकरा नंबर चढेना आणि बारा नंबर फिरून नटाचे कान गोल करू लागला. दोन मापनपद्धतींमधलं हे वैर मामांनी फार मनाला लावून घेतलं. मग शेजोबांच्या फळीवरचा इंची संच त्यांच्या ताब्यात आला तो परत गेलाच नाही.

टायरात काय भरलंय हे कळल्यावर तर त्यांना राहवेना. उत्तरेकडच्या या राज्यांत थंडीत पाणी गोठतं, म्हणून टायरात बीटापासून साखर काढल्यावर उरलेला रस भरतात. तो जड असतो, सहज गोठत नाही आणि रिमही गंजवत नाही.

“म्हणजे मळीच की ही!” मामा म्हणाले. “हितं टायरात घालत्यात? आमच्याकडं ती माणसात जाती.”

हे वाक्य मी शेजोबांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला नाही.

मामांनी आणखी एक धागा जोडला, तो मला ठाऊक नव्हता. त्यांच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तो लाल बी-२७५, कांदिवलीच्या कारखान्यातला. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली मिळून काढलेल्या कंपनीचा. शेजोबांचा पिवळा-पांढरा कब कॅडेटही त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, केंटकीतल्या लुइव्हिलचा. म्हणजे गावचा लाल आणि गॅरेजमधला पिवळा सरळसरळ चुलतभाऊ निघाले. मामांनी बॉनेटवरचं नाव हाताने पुसून घेतलं आणि त्या दिवसापासून ते त्या ट्रॅक्टरला ‘आपला’ म्हणू लागले. मालकीचा हा बदल शेजोबांना कळवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी टाळली.

गार्डन ट्रॅक्टरवाल्यांत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी बेटीव्यवहार नाही. एक सोवळे, दुसरे ओवळे. सोवळ्यांना यंत्र कारखान्यातून निघालं तस्संच हवं. रंगाची छटा तीच, स्टिकरची जागा तीच, बोल्टच्या माथ्यावरच्या खुणाही त्याच काळाच्या. बॉनेटला कुणी एक भोक पाडलं तर यांना पितृहत्येइतकं दुःख होतं. ओवळ्यांचं असं काही नाही. बिडाचं जुनं इंजिन काढून २१२ सीसीचं स्वस्त चिनी इंजिन बसवतील, पुढे एलईडीचे दिवे लावतील, सायलेन्सर बॉनेटमधून सरळ आकाशात काढतील. दोन ट्रॅक्टर मधोमध जोडून चारही चाकांवर चालणारा, कंबरेत वळणारा एक करणारेही आहेत. शेजोबांच्या ताडपत्रीखाली काय आहे याचा मला जो संशय आहे तो हाच.

एका रविवारी सोवळ्या पंथातले एक सद्गृहस्थ शेजोबांकडे आले होते. लोडर पाहून त्यांनी डोळे मिटले. “मूळचं काय ठेवलंय यात?” असं त्यांनी विचारलं. शेजोबा भिडस्त, काही बोलले नाहीत. मला मात्र तेव्हापासून त्यांच्या वतीने भांडायची इच्छा होते, आणि आता इथे भांडून घेतो.

मूळचं म्हणजे काय? कब कॅडेट बाजारात लवकर यावा म्हणून कंपनीने त्याच्या पोटात फारमॉल कब या आपल्या १९४७ च्या शेतीच्या ट्रॅक्टरचे गिअर घातले. म्हणजे जन्मतःच तो दुसऱ्याचे अवयव घेऊन आला. व्हील हॉर्स हा दुसरा मोठा मान्यवर. तो इंडियानात साउथ बेंडला पाँड कुटुंबाने १९४६ मध्ये घरच्या गॅरेजातून सुरू केला. मोठी कंपनी नंतर झाली, आधी गॅरेज होतं. शेजोबांचं गॅरेज त्याच वंशातलं, फक्त त्यांना कंपनी काढायची घाई नाही. आणि ती डोण विसरू नका. शेकडो बाथरूममध्ये थाटात बसलेल्या टबाचा मूळपुरुष जर पाय लावलेली डोण असेल, तर त्याच घराण्याच्या इंजिनापुढे लोडर लावला म्हणून धर्म कसा बुडेल?

जॉन डिअरने तर १९६९ मध्ये कमालच केली. हिरव्या-पिवळ्या रंगाशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी बागेच्या ट्रॅक्टरांना पांढरं अंग देऊन बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, निळी, पिवळी अशी गिऱ्हाइकाच्या आवडीने द्यायला सुरुवात केली. अंगणातल्या खुर्च्यांना शोभेल असा ट्रॅक्टर, अशी कल्पना. फार चाललं नाही, दोन-तीन वर्षांत बंद झालं. आज सोवळे लोक त्याच रंगीत ट्रॅक्टरांसाठी जीव टाकतात. साठ वर्षं थांबायची तयारी असेल तर कुठलाही अधर्म शास्त्रशुद्ध होतो. शेजोबांचा लोडरही होईल. तेव्हा कुणीतरी त्याचं वाकडं वेल्डिंग तस्संच वाकडं करायला झटेल.

शिवाय ज्यांनी ही यंत्रं बनवली त्या कंपन्याच कुठे मूळच्या राहिल्या? इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ मध्ये कब कॅडेट विकला आणि १९८५ मध्ये शेतीची शाखाच दुसऱ्यांच्या हाती गेली. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो कंपनीने घेतला. बीड टिकलं, मालक झिजले.

सुधारणांचं टोक पाहायचं असेल तर ओढण्याच्या स्पर्धा पाहाव्यात. सांगली-कोल्हापूरकडे जत्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी मागे नेण्याच्या स्पर्धा लागतात, त्यात कसब चालवणाऱ्याचं. इथल्यात कसब घडवणाऱ्याचं. मागे एक घसरगाडी जोडतात. ती पुढे सरकेल तसं तिच्यावरचं वजन ट्रॅक्टरकडे सरकत जातं. सुरुवातीला हलकी, मग जड, मग अशक्य. ज्याचा ट्रॅक्टर सर्वांत दूर जाऊन फसतो तो जिंकतो. यासाठी गव्हर्नर काढतात, आणि ३६०० वर शांतपणे संसार करणारं ते इंजिन दुप्पट वेगाने किंचाळू लागतं. त्या वेगाला जुनं बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं, तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून तिथे पोलादी फ्लायव्हील आणि भोवती जाड पत्र्याचं कवच सक्तीचं असतं, आणि मागच्या बाजूला एक कडी. घसरगाडीची साखळी तुटून ट्रॅक्टर सुटलाच तर ती कडी ओढली जाऊन इंजिन आपोआप बंद पडतं. अशा एका स्पर्धेत मामांनी सगळं पाहिलं, ती कडी विशेष निरखून पाहिली आणि म्हणाले, “ही आपल्याकडं लग्नाच्या डीजेला पाहिजे.”

ओवळ्यांत काय, सोवळ्यांत काय, एक गोष्ट मात्र दोघांत सारखी. गवताचं नाव कुणी काढत नाही. शेजोबांचं गवत पलीकडच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा कापून देतो, स्वतःचं बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन येतो, अर्ध्या तासात आवाज न करता काम संपवून पैसे घेऊन जातो. ट्रॅक्टर त्या वेळी गॅरेजमध्ये उघडलेले असतात. माझ्या बायकोला हे हास्यास्पद वाटतं. मला ते रास्त वाटतं. ज्या घरात पेटी शिकवणारे मास्तर येतात त्या घरातली पेटी काही लग्नात वाजवण्यासाठी नसते.

दर जूनमध्ये पेनसिल्व्हेनियात, गेटिसबर्गपासून जवळ, व्हील हॉर्सवाल्यांची मोठी जत्रा भरते. रांगेने लाल ट्रॅक्टर, सोवळे एका बाजूला, ओवळे दुसऱ्या, आणि मधल्या मैदानात सुट्या भागांचा बाजार. मामांनी पुढच्या जूनची विमानाची तिकिटं आत्ताच काढायला लावली आहेत. शेजोबा आपला पिकअप काढणार आहेत. इथून गाडीने बारा तासांच्या आसपास लागतात, आणि मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे. विस्कॉन्सिन-इलिनॉयकडच्या कुणा वाचकाला यायचं असेल तर जरूर यावं, डबा मामी करून देणार आहेत. फक्त परतीचं आपापलं बघावं लागेल. ती जागा मामांनी गिअरबॉक्ससाठी धरून ठेवली आहे.